लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम, मग वापरायला ५.८९ जीबीच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश झाले, घराघरांत नवे लॅपटॉप आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. गेल्या वर्षी भाचीने लॅपटॉप घेतला आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "मामा, खोक्यावर आठ जीबी लिहिलंय आणि सेटिंगमध्ये पाच पॉइंट एकोणनव्वद दाखवतोय. परत करू का?" मागून मेहुण्यांचा चढलेला आवाज येत होता. पन्नासेक हजार रुपये मोजलेल्या माणसाचा आवाज चढणारच. दुकानदाराशी भांडण होण्याआधी फोन आला, हे बरं झालं. तेव्हा तिला जे समजावलं आणि त्यानंतर बाकीच्यांनी जे विचारलं, ते सगळं इथे एकत्र लिहितो आहे.

हे आकडे नक्की कुठे बघायचे?

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा आणि अगदी खाली अबाउट बघा. तिथे इन्स्टॉल्ड रॅमसमोर दोन आकडे असतात. पहिला लॅपटॉपमध्ये बसवलेल्या रॅमचा, आणि कंसातला युजेबल म्हणून दिलेला, म्हणजे विंडोजच्या वाट्याला आलेल्या रॅमचा.

खरी उपयोगाची जागा मात्र दुसरीच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली उजव्या बाजूला बारीक अक्षरांत हार्डवेअर रिझर्व्हड अशी ओळ दिसेल. तुमची जी रॅम "गायब" वाटते आहे तिचा हिशेब त्या एका ओळीत आहे. तिच्याच वर किती स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) वापरात आहेत आणि रॅमचा वेग काय, हेही दिलेलं असतं. पुढचं सगळं वाचताना हा पडदा समोर उघडा ठेवा.

दुकानदाराने फसवलं का?

पहिला आकडा ८.०० असेल तर नाही. रॅम आत आहे आणि लॅपटॉपला ती दिसतेही आहे. पहिलाच आकडा ४.०० निघाला तर मात्र बिल घेऊन लगेच दुकानात जा.

किती कमी दिसली म्हणजे काळजी करायची?

भाचीला मी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं, "किती कमी?" डॉक्टर ताप किती आहे ते आधी विचारतात, तसंच हे आहे. फरक किती आहे ते कळलं की कारण जवळपास कळल्यासारखंच असतं.

८ पैकी ७.७ किंवा ७.८ दिसत असेल तर सोडून द्या. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर असंच दिसतं. थोडी रॅम ग्राफिक्सला जाते, थोडी बायोस (विंडोजच्याही आधी चालून लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम) आणि मदरबोर्डवरच्या, म्हणजे मुख्य सर्किटवरच्या, इतर गोष्टी स्वतःसाठी ठेवतात.

८ पैकी ७.३-७.४ किंवा १६ पैकी १५.३-१५.४ असेल, तर एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ५१२ एमबी बाजूला काढून दिलेली आहे. ८ पैकी ६.९ असेल तर १ जीबी दिलेली आहे. ५.९ च्या आसपास असेल तर २ जीबी. भाचीचा लॅपटॉप रायझनवालाच होता. हार्डवेअर रिझर्व्हडसमोर २.१ जीबी लिहिलेलं तिने वाचून दाखवलं आणि हिशेब तिथल्या तिथे जुळला.

४ पैकी ३.२ ते ३.५ दिसणं ही वेगळी, जुन्या ३२-बिट विंडोजची गोष्ट आहे. आणि जवळजवळ निम्मी रॅम गेलेली असेल, म्हणजे १६ पैकी ७.९ वगैरे, तर लॅपटॉप उघडून बघावा लागण्याची शक्यता मोठी. या दोन्हींबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

ग्राफिक्सला माझी रॅम कशाला लागते?

पडद्यावर जे काही दिसतं ते आधी कुठेतरी चित्र म्हणून मांडून ठेवावं लागतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्यासाठी स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरच्या पोटातच असलेल्या ग्राफिक्सला अशी स्वतःची मेमरी नसते, म्हणून ते मुख्य रॅममधून हिस्सा मागून घेतं. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज जागं होण्याच्याही आधी, बायोस हा हिस्सा कापून बाजूला ठेवतं. विंडोजला तो कापलेला तुकडा आपला म्हणून मिळतच नाही. पगारातून पीएफ आधीच कापला जातो आणि हातात येतो तो उरलेला पगार, तसंच. पैसे तुमचेच असतात, फक्त त्यांचं काम ठरलेलं असतं.

पूर्ण एचडी पडद्याचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. गुणाकार केला तर जेमतेम ८ एमबी होतात. मग २ जीबी कशाला? कारण ग्राफिक्सचं काम एका चित्रावर संपत नाही. प्रत्येक उघड्या खिडकीचं चित्र, व्हिडिओच्या पुढच्या-मागच्या फ्रेम, गेममधल्या भिंती, झाडं, कपडे यांचे पोत, हे सगळं हाताशी लागतं. गेम खेळणाऱ्याला या २ जीबीचा उपयोग होतो. वर्ड, ब्राउझर आणि ऑनलाइन लेक्चर एवढंच काम असणाऱ्याला फारसा होत नाही. कंपनी मात्र दोघांनाही एकच मशीन विकते, आणि किती रॅम आधीच कापली जाणार हे खोक्यावर लिहीत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. रॅम राखून ठेवण्याला तांत्रिक कारण आहे, पण ते लपवण्याला काहीच कारण नाही. "८ जीबी, पैकी २ जीबी ग्राफिक्ससाठी" एवढी एक ओळ छापली तर कितीतरी घरांतली घालमेल वाचेल.

माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. तरी रॅम का कापली?

कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही तिथे आहेच आणि ते चालूही असतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडदा त्यालाच जोडलेला असतो, आणि वेगळं कार्ड जड काम आलं की मदतीला येतं. त्यामुळे बॅटरी वाचते. गेमिंग लॅपटॉपवरसुद्धा म्हणून अर्धा जीबी गेलेली दिसते.

टास्क मॅनेजरमध्ये "शेअर्ड जीपीयू मेमरी २.९ जीबी" असंही दिसतं. म्हणजे आणखी २.९ गेली?

नाही. ही वरची मर्यादा आहे. विंडोजच्या वाट्याला आलेल्या रॅमपैकी साधारण निम्म्यापर्यंत ग्राफिक्सला गरजेपुरती उसनी घेता येते, आणि काम झालं की ती परत मिळते. ५.९ ची निम्मी म्हणून तो २.९ चा आकडा. कायमची बाजूला पडलेली असते ती फक्त हार्डवेअर रिझर्व्हडची.

कापलेली २ जीबी परत मिळवता येते का?

काही लॅपटॉपवर येते. बायोसमध्ये जावं लागतं. लॅपटॉप सुरू होतानाच डेल, एसर आणि असूसवर बहुधा एफ२, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२, एचपीवर एस्केप किंवा एफ१० दाबत राहायचं. आत अॅडव्हान्स्ड किंवा कॉन्फिगरेशनच्या पानावर यूएमए फ्रेम बफर साइज असा पर्याय शोधा. इंटेलवर तोच डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड या नावाने असतो. तिथे २ जीबीऐवजी ५१२ एमबी निवडून सेव्ह करून बाहेर पडलं की पुढच्या वेळी युजेबलचा आकडा दीड जीबीने वाढलेला दिसतो. रोजच्या कामात ग्राफिक्सचं काही अडत नाही, कारण लागेल तशी शेअर्ड मेमरी त्याला मिळतच राहते. काही गेम मात्र राखीव मेमरी किती आहे हे आधी तपासतात आणि ती कमी दिसली की सुरूच होत नाहीत.

बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट नक्की करा. तुमची ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीने, कुलूपबंद आहे का ते बघा. अनेक नव्या लॅपटॉपवर ती आपोआप तशी होते आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये बदल झाला की बिटलॉकर कधीकधी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच शोधून वहीत लिहून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री निळ्या पडद्यासमोर ती आठवत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

आता दुसरी बाजू. कितीतरी लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय दिलेलाच नसतो. भाचीच्याही नव्हता. इंटरनेटवर लपलेला बायोस मेनू उघडून देणारी साधनं मिळतात, पण त्यांच्या वाट्याला जाऊ नका. दीड जीबीसाठी मदरबोर्ड पणाला लावण्यात शहाणपण नाही. तिच्या मशीनमध्ये एक स्लॉट मोकळा होता, म्हणून आम्ही आणखी ८ जीबी रॅमची एक स्टिक (रॅमचा सुटा तुकडा) बसवली. आता १६ पैकी १३.९ दिसते. राखीव तेवढीच राहिली, तिचा जाच संपला. दोन्ही स्लॉट भरल्यामुळे मेमरी दोन वाटांनी चालू लागली, त्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढला.

एका व्हिडिओत सांगितलं की सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन मॅक्सिमम मेमरीवर टिक करा. करू का?

करू नका, आणि केली असेल तर आत्ताच काढा. नावावरून वाटतं की यामुळे जास्तीत जास्त मेमरी मिळेल. प्रत्यक्षात ती सोय मेमरीवर मर्यादा घालण्यासाठी आहे. कमी रॅमवर आपला प्रोग्राम कसा चालतो हे तपासणाऱ्यांना ती लागते. तिथे चुकून ४०९६ लिहिलं गेलं तर १६ जीबीच्या मशीनवरही विंडोज ४ जीबीच वापरील.

तपासायला स्टार्टमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन शोधा, बूट पानावर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा आणि मॅक्सिमम मेमरीसमोरचा चौकोन रिकामा आहे ना ते बघा. मग रीस्टार्ट करा. निम्मी रॅम गायब असलेली काही मशीन एवढ्यावरच बरी होतात.

१६ जीबी बसवली, पण ८ च वापरता येते. आता काय?

मॅक्सिमम मेमरीची टिक नसेल तर संशय स्टिकवर घ्या. नीट न बसलेली रॅम हे याचं अगदी नेहमीचं कारण आहे. कधी विंडोज १६ मोजतं पण ८ राखीव दाखवतं, कधी दुसरी स्टिक दिसतच नाही.

लॅपटॉप पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन केलं की तो खरोखर पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सुटी करता येत असेल तर करा. हाताने एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवा. स्टिकच्या दोन्ही बाजूंना चिमट्यासारख्या दोन बारीक पट्ट्या असतात. दोन्ही अंगठ्यांनी त्या एकाच वेळी बाहेर सरकवल्या की स्टिक आपोआप तिरकी होऊन वर येते. खेचू नका. ती ज्या कोनात वर आली त्याच कोनात बाहेर काढा.

तिच्या कडेला सोनेरी दातांची रांग आहे. त्यांच्यावर बोटांचा घाम किंवा पावसाळ्यातली ओल बसते. कोकणात आणि मुंबईत मला हे जास्त दिसलं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने ते पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रिपेअरवाले पेन्सिलचा पांढरा खोडरबर वापरतात. तोही चालतो, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडता कामा नये.

परत बसवताना रांगेतली खाच स्लॉटमधल्या उंचवट्यासमोर आणा, तिरक्या कोनात स्टिक पूर्ण आत ढकला आणि मग खाली दाबा. दोन्ही पट्ट्या टक्कन लागल्या पाहिजेत. सोनेरी दात बरेचसे बाहेर दिसत असतील तर ती अजून बसलेली नाही. लोक इथेच घाबरून कमी जोर लावतात.

तरीही फरक पडला नाही तर एका वेळी एकच स्टिक लावून पाहा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. खराबी स्टिकमध्ये आहे की स्लॉटमध्ये, ते या अदलाबदलीत कळतं. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून बघायलाही हरकत नाही. आणि विकत घेण्याआधी रॅमचा प्रकार, म्हणजे डीडीआरची पिढी, जुळते ना हे बघा. लॅपटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. जबरदस्ती केली तर स्लॉट तुटतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी आहे, पण ३.२ किंवा ३.४ च दिसते. का?

अबाउटच्या पानावर सिस्टिम टाइप बघा. ३२-बिट लिहिलेलं असेल तर कारण सापडलं.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. ३२-बिट विंडोजकडे असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते आहेत, म्हणजे बरोबर ४ जीबीपुरते. पण पत्ते फक्त रॅमलाच लागत नाहीत. ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी, बायोसची चिप या सगळ्यांशी बोलायलाही त्याच यादीतले पत्ते द्यावे लागतात. चाळीत शंभरच खोल्यांचे क्रमांक आहेत आणि त्यातले पंधरा-वीस जिना, पाण्याची टाकी, मीटरची खोली यांनाच दिले, तर कुटुंबांसाठी उरणार ऐंशी-पंच्याऐंशीच. रॅमचा वरचा तुकडा जागेवर असतो, पण त्याला क्रमांकच उरत नाही.

उपाय म्हणजे ६४-बिट विंडोज. ते जुन्यावर चढवता येत नाही, नव्याने टाकावं लागतं. म्हणून आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं यांची कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारतो, जुनं काही चालवता का? डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, आणि डोंगल (मशीनला जोडायची परवान्याची किल्ली) लावून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ६४-बिटचा ड्रायव्हर लागतो. मराठी डीटीपीचं काम करणाऱ्या छोट्या छापखान्यांत अशी जुनी सॉफ्टवेअर अजून पोट भरून देत आहेत. त्यांच्यासाठी अर्ध्या जीबीपेक्षा ते चालू राहणं महत्त्वाचं. अशा मशीनला हात लावू नये असंच मी सांगतो.

अगदी जुन्या, इंटेल ९४५ चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपच्या) लॅपटॉपवर ६४-बिट टाकूनही आकडा सव्वातीनच्या आसपासच राहतो. तिथे पत्त्यांची मर्यादा चिपसेटचीच आहे.

विंडोजच्या आवृत्तीची मर्यादा असते का?

हो, पण आता क्वचितच आड येते. ६४-बिट विंडोज ७ मध्ये होम बेसिकला ८ जीबी आणि होम प्रीमियमला १६ जीबी ही कमाल होती. विंडोज १० होमला १२८ जीबी आहे. विंडोज ११ तर ६४-बिटमध्येच येतं.

माझी ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दाखवते. हे तेच आहे का?

नाही, हा मोजमापाचा फरक आहे. ड्राइव्ह बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी जीबीच लिहितं. ५१२ ला त्या मापाने मोजलं की ४७६ येतात. रॅममध्ये हा घोळ नाही. ८ जीबीची रॅम म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ बाइट, दोन्हीकडे तेच. रॅम कमी दिसण्याला हे कारण कोणी सांगितलं तर ते चुकीचं आहे.

काहीच उघडलेलं नसताना निम्मी रॅम वापरात दिसते. हीही कापलेलीच का?

नाही. युजेबल वेगळं आणि वापरात असलेली वेगळी. विंडोज, अँटिव्हायरस, सुरुवातीलाच उघडणारे प्रोग्राम ही सगळी रॅम घेतातच. शिवाय पुन्हा लागतील अशा फाइली विंडोज मोकळ्या रॅममध्ये आणून ठेवतं आणि दुसऱ्या कोणाला जागा हवी झाली की लगेच सोडतं. टास्क मॅनेजरमध्ये कॅश्ड म्हणून दिसते ती हीच. अव्हेलेबलचा आकडा बघा. तो एखाद-दीड जीबीच्या वर राहत असेल तर ठीक चाललं आहे.

रॅम क्लीनर, बूस्टर टाकू का?

नको. राखीव रॅमला ते हातही लावू शकत नाहीत, आणि ही कॅश रिकामी करून लॅपटॉप उलट हळू करतात.

लिनक्सवर काय दिसतं?

ग्राफिक्सची कापणी तिथेही तशीच होते, कारण ती बायोस करतं. शिवाय मेमरीच्या प्रत्येक ४ केबीच्या तुकड्याची (याला पान म्हणतात) नोंद ठेवायला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६४ बाइट वापरतं. ८ जीबीला ते १२८ एमबीच्या आसपास जातात आणि एकूण मेमरीच्या आकड्यात धरले जात नाहीत. म्हणून त्याच लॅपटॉपवर लिनक्सचा आकडा विंडोजपेक्षा थोडा कमी दिसला तर दचकू नका.

नवा लॅपटॉप घेताना काय विचारावं?

रॅम मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली आहे की स्लॉटमध्ये, आणि एखादा स्लॉट मोकळा आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. डाख दिलेली ८ जीबी, मोकळा स्लॉट एकही नाही आणि त्यातून २ जीबी ग्राफिक्सला, असं मशीन चार वर्षं वापरायचं असेल तर घेऊ नका असंच मी सांगेन. ते पुढे कधीच वाढवता येणार नाही. दुकानात चालू लॅपटॉप मांडलेला असतो, त्यावर टास्क मॅनेजर उघडून हार्डवेअर रिझर्व्हडची ओळ दाखवायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सगळं तपासलं, तरी हिशेब लागत नाही. सर्व्हिस सेंटरला काय सांगू?

तीन फोटो घेऊन जा: अबाउटचं पान, टास्क मॅनेजरमधली मेमरी आणि बायोसमध्ये दिसणारी एकूण रॅम. बायोसमध्येच रॅम कमी दिसत असेल तर बिघाड स्टिक, स्लॉट किंवा मदरबोर्डचा आहे आणि विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. वॉरंटी असेल तर झाकण स्वतः उघडण्याआधी त्यांना विचारा. मशीन देताना टास्क मॅनेजरमधली रॅम आणि स्लॉटची संख्या पावतीवर लिहून घ्या, आणि परत घेताना तिथेच, काउंटरसमोर उभं राहून, ती ओळ पुन्हा वाचा.